नर्सिंगच्या स्पेशालिटी परीक्षांची तयारी: गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी गोव्यात नर्सिंग शिकवते आणि परीक्षांची तयारी करून घेते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, नुकतीच नोकरी लागलेल्या मुली आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे लिहिली आहेत. परीक्षांचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वेळची जाहिरात स्वतः वाचा. कुणी पाठवलेल्या मेसेजवर विसंबू नका.

स्पेशालिटी परीक्षा म्हणजे नेमकी कोणती?

अशी एकच परीक्षा नाही. तीन वेगळ्या वाटा आहेत आणि मुले त्यांची सरमिसळ करतात.

पहिली वाट पुढच्या शिक्षणाची. एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा क्रिटिकल केअर, इमर्जन्सी, ऑन्कॉलॉजी, निओनेटल, ऑपरेशन रूम, रीनल, सायकिअॅट्रिक अशा विषयांत असतो. एमएससी नर्सिंग दोन वर्षांचे. त्यात मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या शाखा आहेत. शिवाय नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे. त्यात शिकणे आणि आयसीयूत काम करणे एकत्रच चालते.

दुसरी वाट नोकरीची: एम्सची नॉरसेट (नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची सामाईक परीक्षा) आणि राज्य सरकारच्या भरतीपरीक्षा.

तिसरी परदेशाची. तिथे आधी परवान्याची परीक्षा, म्हणजे अमेरिकेसाठी एनक्लेक्स, ब्रिटनसाठी सीबीटी (संगणकावरची) आणि ऑस्की (प्रात्यक्षिकाची), आखाती देशांसाठी प्रोमेट्रिकच्या परीक्षा. तिथे काम केल्यावर मग सीसीआरएन (क्रिटिकल केअरचे) किंवा सीईएन (इमर्जन्सीचे) अशी स्पेशालिटीची प्रमाणपत्रे. तुम्हाला यांतली कोणती वाट धरायची आहे ते आधी ठरवा. तीन वाटांची पुस्तके एकदम आणून टेबलावर रचली की एकही पुरे होत नाही.

विद्यार्थी असतानाच सीसीआरएन देता येते का?

नाही. तिच्यासाठी अमेरिकेचा आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना लागतो आणि गंभीर रुग्णांच्या प्रत्यक्ष सेवेचे तास दाखवावे लागतात; एका पर्यायात मागच्या दोन वर्षांत १,७५० तास. परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्नांची, आणि त्यांतल्या १२५ प्रश्नांचेच गुण धरतात. म्हणून कुणी शेवटच्या वर्षाच्या मुलीला ‘सीसीआरएन कोर्स’ विकत असेल तर त्याला एकच विचारा: ही मुलगी अर्ज कधी करू शकेल?

तयारी मात्र आत्ताच सुरू होते. या सगळ्या परीक्षांचा पाया एकच आहे आणि तो तुमच्या आजच्या पोस्टिंगमध्ये घातला जातो. २०२१ पासूनच्या सेमिस्टर अभ्यासक्रमात बीसीएलएस (हृदय बंद पडल्यावरचे प्राथमिक जीवरक्षण), नवजात बाळाची निगा, आयएमएनसीआय (नवजात व लहान मुलांच्या आजारांची एकत्रित हाताळणी) अशी मॉड्यूल्स आहेत. ती सहीपुरती उरकू नका.

पुस्तक पाठ आहे, वर्गात मार्क चांगले आहेत, तरी सराव परीक्षेत प्रश्न का चुकतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

कॉलेजच्या परीक्षेत आपण ‘थायरॉइडेक्टमीनंतरचे कॉम्प्लिकेशन्स लिहा’ या प्रश्नाला दहा मुद्दे लिहितो आणि दहाही बरोबर येतात. स्पेशालिटीची परीक्षा त्या दहांतला एक मुद्दा उचलते, रुग्णाच्या तोंडी घालते आणि बाजूला आणखी तीन रुग्ण ठेवते. समजा, तुम्ही सर्जिकल वॉर्डात संध्याकाळच्या ड्युटीला आला आहात. अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस असलेला मुलगा कण्हतो आहे, वेदना दहापैकी सहा. मधुमेहाच्या काकांची जेवणापूर्वीची साखर २१० आहे. एका आजींना डिस्चार्ज मिळाला आहे, त्यांच्या मुलाला कदंबची बस गाठायची आहे आणि तो तिसऱ्यांदा काउंटरवर आला आहे. चौथी बाई काल थायरॉइडचे ऑपरेशन झालेली. ड्रेसिंग कोरडे, बीपी ठीक. ती फक्त म्हणते, ओठांभोवती मुंग्या येतात. आधी कुणाकडे जाल?

वर्गात हा प्रश्न घातला की बरेच हात अपेंडिक्सच्या मुलासाठी वर होतात, कारण तो कण्हतो आहे. उत्तर चौथ्या बाईचे आहे. ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइड ग्रंथींना किंवा त्यांच्या रक्तपुरवठ्याला धक्का बसला की रक्तातले कॅल्शियम उतरते. ते सहसा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसते आणि सुरुवात अशा मुंग्यांनीच होते. पुढची पायरी टेटनी (स्नायू आखडणे) आणि स्वरयंत्राचा आकस. म्हणजे आत्ता शांत पडलेल्या त्या बाईचा श्वास थोड्या वेळात अडकू शकतो. तिच्याजवळ जाऊन श्वासाचा आवाज ऐकायचा, कॅल्शियम उतरल्याची श्वोस्टेक आणि ट्रूसो चिन्हे पाहायची, मानेमागे हात घालून रक्त साचले आहे का तपासायचे (रक्त मागे ओघळते, म्हणून पुढचे ड्रेसिंग कोरडेच दिसते), डॉक्टरांना कळवायचे, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि एअरवे ट्रे हाताशी ठेवायचा.

मुद्दे त्या मुलींना पाठ होते. कुणाला आधी, कुणाला नंतर, याचा निर्णय त्यांनी कधी स्वतः घेतला नव्हता. परीक्षा नेमका तोच तपासते. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचे नवे स्वरूप आले ते याचसाठी: एक रुग्ण, त्याच्या नोंदी, रिपोर्ट आणि त्यावर ओळीने सहा प्रश्न. काय दिसले, त्याचा अर्थ काय, आधी काय करायचे, केल्यावर काय बदलले.

मग हा निर्णय शिकायचा कुठे?

वॉर्डात, हँडओव्हरच्या वेळी. स्टाफ सिस्टर एकेक रुग्ण सांगत जातात तेव्हा बहुतेक विद्यार्थी मागे उभे राहून वही भरतात. तुम्ही दोन गोष्टी करा. हँडओव्हर संपला की मनाशी ठरवा, आज या वॉर्डात आधी कोण बिघडेल आणि का. आणि ड्युटी संपताना पाहा, तसे झाले का. अंदाज चुकला तर सिस्टरना विचारा, तुम्हाला कशावरून कळले? अनुभवी सिस्टर जे सांगतील ते कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही.

केअर प्लॅनही असाच लिहा. मागच्या बॅचच्या फाइलवरून उतरवलेला केअर प्लॅन परीक्षेत काडीचाही उपयोगी पडत नाही.

नॉरसेटचे स्वरूप काय आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये अंदाजाने उत्तर द्यावे का?

एम्सने ही सामाईक परीक्षा २०२० मध्ये सुरू केली. आता ती पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. पूर्वपरीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांतले ८० नर्सिंगचे आणि २० सामान्यज्ञान व अॅप्टिट्यूडचे. बीएससी किंवा पोस्ट बेसिक बीएससी झालेले उमेदवार बसू शकतात. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी सर्वांनाच हवी. तिचा अर्ज निकाल लागताच करा. तेवढ्या एका कागदासाठी वर्ष वाया गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. इथे थोडे गणित करू. चार पर्यायांपैकी काहीच माहीत नसताना ठोकून दिले तर चारांत एकदा १ गुण मिळतो आणि तीनदा मिळून १ गुण जातो, बेरीज शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर उरलेल्या तिनांत एकदा १ मिळतो आणि दोनदा मिळून दोन तृतीयांश जातो, म्हणजे पारडे तुमच्याकडे झुकते. तेव्हा एक तरी पर्याय बाद झाला की उत्तर द्या. चारही सारखेच अनोळखी वाटत असतील तर वेळ घालवू नका, पुढे जा.

गोवा सरकारच्या भरतीसाठी वेगळे काय लागते?

१५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान जाहिरातीत मागितलेले असते. मराठी येत असेल तर ते इष्ट धरतात. भरतीपरीक्षा संगणकावर होते. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये दोन-तीन पूर्ण पेपर सोडवून पाहा. कागदावर वेगाने सोडवणारी मुले स्क्रीनवर लांबलचक प्रश्न वाचताना अडखळतात.

औषधांची आणि सलाइनची गणिते जमत नाहीत. काय करू?

गणित कठीण नसते, प्रश्न घाईने वाचला जातो. उदाहरण घेऊ. काणकोणची एक बाई, वजन ६० किलो, स्टोव्हच्या भडक्याने ३० टक्के भाजली. घटना सकाळी ८ची, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) पोचली १० वाजता, वाटेत सलाइन लागलेले नाही. पार्कलंड सूत्राने पहिल्या आठ तासांत ताशी किती रिंगर लॅक्टेट?

४ मिली × ६० किलो × ३० टक्के म्हणजे २४ तासांत ७,२०० मिली. त्यातले निम्मे, ३,६०० मिली, पहिल्या आठ तासांत. इथवर सगळ्यांचे बरोबर येते आणि मग मुले ३,६०० भागिले ८ करून ४५० लिहितात. आठ तास भाजल्याच्या वेळेपासून मोजायचे, रुग्णालयात आल्यापासून नाही. दोन तास गेले आहेत, उरले सहा. उत्तर ताशी ६०० मिली. पर्यायांत ४५० असतेच. परीक्षक ते मुद्दाम ठेवतो. काही नव्या मार्गदर्शक तत्त्वांत सुरुवात ४ ऐवजी २ मिलीने करतात, म्हणून प्रश्नात कोणते सूत्र दिले आहे तेही पाहा. आणि प्रत्यक्ष वॉर्डात हा आकडा फक्त सुरुवातीचा; पुढे तासातासाच्या लघवीवरून वेग कमीजास्त होतो.

रोज पाच गणिते, कॅल्क्युलेटरशिवाय, एककासह. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना शून्य चुकले तर परीक्षेत एक गुण जातो. वॉर्डात काय होऊ शकते ते तुम्हाला ठाऊक आहे.

अमेरिकन पुस्तक भारतीय परीक्षेला चालेल का? आणि उलट?

बराचसा भाग चालतो: अॅसिड-बेस, ईसीजी, इलेक्ट्रोलाइट्स, प्राधान्याचे प्रश्न. पण काही ठिकाणी फरक आहे आणि नेमके तिथेच मुले फसतात.

एक्लॅम्पसियात (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांत) मॅग्नेशियम सल्फेट देताना पुढच्या डोसआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, लघवी आणि श्वास पाहतात. ताशी ३० मिली लघवी हा आकडा सगळीकडे सारखा. श्वासाची मर्यादा मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत मिनिटाला किमान १६ आहे, तर अमेरिकन सराव पुस्तकांत १२ च्या खाली गेला की औषध थांबवा असे असते. अँटिडोट दोन्हीकडे कॅल्शियम ग्लुकोनेट. औषधांची नावे बदलतात: आपले पॅरासिटामॉल तिकडे अॅसिटामिनोफेन, अॅड्रेनालिन तिकडे एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोलमध्ये मोजतात, म्हणून तिथला आकडा १८ ने गुणा, मग आपल्या ओळखीचा होतो. लसीकरणाचे वेळापत्रक आणि बायोमेडिकल कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग आपले स्वतःचे. ते भारतीय पुस्तकातूनच करा.

एनक्लेक्समध्ये आणखी एक अनोळखी प्रकार येतो, काम सोपवण्याचा. तिकडे आरएनच्या हाताखाली एलपीएन (आरएनहून कमी शिक्षणाच्या परवानाधारक नर्स) आणि सहाय्यक असतात, आणि कुणाला कोणते काम द्यावे हे विचारतात. एक सूत्र लक्षात ठेवा: पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणे आणि उपचाराचा परिणाम ठरवणे ही कामे आरएन स्वतःच करते.

गोव्यात राहून कोणत्या स्पेशालिटीचा अनुभव चांगला मिळतो?

राज्य लहान आहे म्हणून इथे काही पाहायला मिळत नाही असे समजू नका. मला तर उलटे वाटते.

बांबोळीत गोमेकॉ आणि मनोरुग्णांसाठीची आयपीएचबी एकाच परिसरात आहेत. दारूमुळे दाखल होणारे रुग्ण इथे दोन्हीकडे दिसतात. दारू सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा डिलिरियम ट्रेमेन्स (कंप आणि भ्रमाची अवस्था), ग्लुकोजच्या आधी थायमिन का, कंप आणि घाम किती हे स्केलवर कसे मोजायचे, हे पुस्तकात एक पान असते. इथे ते खाटेवर दिसते. मानसिक आरोग्याचे पोस्टिंग ‘सोपे पोस्टिंग’ म्हणून झोपून काढणाऱ्यांचे फार मोठे नुकसान होते.

किनारपट्टीमुळे बुडालेले रुग्ण येतात. इमर्जन्सीच्या परीक्षेत याचा हमखास प्रश्न असतो. हृदयविकाराने कोसळलेल्या प्रौढाला आपण छातीवर दाब देऊन सुरुवात करतो. बुडालेल्याला मूळ त्रास प्राणवायूचा असतो, म्हणून आरोग्यसेवकाने आधी कृत्रिम श्वास द्यायचे. दाबांची गती मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ही दोन्हीकडे तीच.

सामुदायिक आरोग्यासाठी सत्तरी हे तर चालतेबोलते पाठ्यपुस्तक आहे. तिथे गेल्या दशकात माकडताप पसरला. गोचिडीतून येणारा हा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. काजूच्या हंगामात माणसे बागायतीत जातात आणि त्याच कोरड्या महिन्यांत गोचिडी जास्त असतात. रोगाची साखळी कुठे तोडायची, हा प्रश्न सत्तरीतल्या मुलीला घरातून ठाऊक असतो. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, शेतात उतरणाऱ्यांना द्यायच्या सूचना, हेही तसेच.

शाळेची सुरुवात मराठीत झाली. इंग्रजी प्रश्न वाचायला वेळ लागतो. मागे पडेन का?

नाही. डिचोली, पेडणे, काणकोणच्या कितीतरी मुली मराठी प्राथमिक शाळेतून आल्या आणि आज अतिदक्षता विभाग सांभाळतात. तुम्ही वॉर्डात रोज रुग्णाचे कोंकणीत ऐकता आणि चार्टवर इंग्रजीत लिहिता. परीक्षेला लागणारे अर्धे काम त्यातच होते. रुग्ण म्हणतो ‘म्हाका घुंवळ येता’, आणि तुम्ही बीपी, साखर, रक्तस्राव या तिन्हींकडे वळता. कागदावर तेच करायचे आहे.

सराव असा करा: इंग्रजी प्रश्न वाचा, पर्याय झाका, रुग्णाला काय झाले आहे ते मैत्रिणीला एका वाक्यात मराठीत सांगा, मग पर्याय उघडा. शेवटच्या ओळीत आधी, नंतर, सोडून, तातडीने अशा अर्थाचा जो इंग्रजी शब्द असेल त्याखाली रेघ मारा. ओईटी किंवा आयईएलटीएस या परदेशासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी हे वेगळे काम आहे. ते क्लिनिकल अभ्यासाबरोबर शेवटच्या महिन्यात कोंबू नका.

ड्युटी करून अभ्यासाला वेळ कुठून आणू?

नाइट करून आल्यावर अभ्यासाला बसू नका. झोपा. मॉर्निंगच्या आठवड्यात संध्याकाळी दीड-दोन तास, आफ्टरनूनच्या आठवड्यात सकाळी. रोज तीस-चाळीस प्रश्न पुरेत, पण प्रत्येकाचे स्पष्टीकरण वाचून. बाकीचे तीन पर्याय का चुकले ते सांगता आले पाहिजे. चुकांची वेगळी वही ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहीत नव्हते, वाचताना निसटले, की बरोबर उत्तर बदलले. महिन्याभराने वही चाळा. ज्यांचे निम्म्याहून जास्त प्रश्न वाचताना निसटतात त्यांनी आणखी पुस्तके आणून काहीही होणार नाही.

कोचिंग लावावे का? एजंट पैसे मागतो, द्यावे का?

कोचिंग वाईट नाही. एक तास बसून पाहा. शिकवणारा फक्त उत्तरे आणि ‘ट्रिक’ देत असेल तर उठा. तो रुग्णाविषयी प्रश्न विचारत असेल तर थांबा. मागच्या परीक्षेतले फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांपासून दूरच राहा. एनक्लेक्समध्ये प्रश्न बाहेर सांगणे हा नियमभंग आहे आणि त्यावर निकाल रद्द होऊ शकतो.

एजंटकडे मूळ प्रमाणपत्रे ठेवायला देऊ नका, कितीही ओळखीचा असो. सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का पाहा. पैशांची पावती घ्या. कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट आणि कौन्सिलचे पडताळणीचे कागद स्वतः जाऊन मागवता येतात.

आम्ही शिक्षक आहोत. आम्ही काय बदलू शकतो?

अंतर्गत परीक्षेतले निम्मे प्रश्न ‘व्याख्या द्या’ वरून ‘आधी काय कराल’ वर आणा. निकालानंतर प्रत्येक प्रश्न तपासा: वर्गातल्या हुशार मुलांनी तो जास्त चुकवला आणि बाकीच्यांनी बरोबर सोडवला, तर प्रश्नच सदोष आहे, काढून टाका. वॉर्डात मुलीला उत्तर सांगण्याआधी तिचा अंदाज विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. आपण फार लवकर सांगून टाकतो.

नापास झाले तर?

एनक्लेक्स ४५ दिवसांनी पुन्हा देता येते. ती परीक्षा ८५ ते १५० प्रश्नांची असते आणि नापास झालेल्यांना कोणत्या भागात कमी पडलो याचा अहवाल मिळतो. तो अहवाल घेऊन बसा आणि तेवढाच भाग नव्याने करा. सगळे पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करणे ही निराशेतली चूक आहे. नॉरसेटला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. तोवर नोकरी सोडू नका, कारण वॉर्डातला अनुभव हीच तुमची तयारी आहे.

आई-वडील म्हणून आम्ही घरी काय करावे?

नाइटवरून आलेल्या मुलीची खोली दुपारपर्यंत शांत ठेवा. चवथीला परीक्षा जवळ असेल तर माटोळी बांधण्यापासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंतचे काम तिच्या भावालाही वाटून द्या. शेजारची मुलगी लंडनला गेली हे तिला रोज सांगू नका. तिला ते माहीत आहे. परीक्षेचे केंद्र मुंबई किंवा बेंगळूरला आले तर आदल्या दिवशी पोचेल असे तिकीट काढा, रात्रभर बसने प्रवास करून थेट परीक्षेला नको. आणि पासपोर्टवरचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का, ते आजच तिच्यासोबत बसून पाहा. न जुळल्यास दुरुस्तीला बराच वेळ लागतो.